बर्फानं दळलेली, पाण्यानं पाखडलेली माती

आमच्या गल्लीतले सुभेदार काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमधून गेलेला माणूस देशाच्या कुठल्या कुठल्या टोकाला जाऊन येतो आणि येताना काहीतरी घेऊन येतो. कुणी शाल आणतं, कुणी अक्रोड आणतं. काकांनी लडाखच्या नुब्रा खोऱ्यातून लोणच्याची बरणी भरून वाळू आणि खडे आणले होते. सियाचीन हिमनदी जिथं संपते आणि नुब्रा नदी जिथं सुरू होते, त्याच्या खालच्या अंगाला त्यांची तुकडी होती. इतकी वर्षं ती बरणी त्यांच्या देव्हाऱ्याखालच्या फळीवर होती. गेल्या पावसाळ्यात ते ती घेऊन माझ्याकडं आले, कारण माझं आयुष्य मातीपरीक्षणात गेलं हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

"हे बघ," बरणी माझ्या हातात देत ते म्हणाले, "तिथं कुठंबी खण, हेच लागायचं. माती म्हणून लागायची नाही. आणि बादली ओतली की पाणी गायब. ही कसली जमीन म्हणायची, मला सांग की."

आम्ही बरणी परातीत ओतली. सुपारीएवढे, लिंबाएवढे गोटे, सगळ्यांच्या कडा घासून गोल झालेल्या. करड्या-पांढऱ्या दगडात काळे ठिपके, म्हणजे ग्रॅनाइट. त्यांच्या मधे खडेमिठासारखी जाडी वाळू. मी चिमूटभर वाळू ओली करून बोटांत चोळली, तर बोटाला काहीच चिकटलं नाही. मग परड्यातली काळी माती आणून तशीच चोळली. तिची लगेच वात वळली आणि नखात जाऊन बसली ती बसलीच. दोन्ही जमिनींमधला सगळा फरक त्या दोन चिमटींत होता. काकांना त्या दिवशी तो तेवढाच दाखवला. बाकीचं इथं सविस्तर लिहितो, कारण वाळू-खडीची जमीन कशी वागते हे कळलं की आपल्या शिवारातल्या मुरमाड पट्ट्यांचं वागणंही कळू लागतं.

आधी जातं, मग सूप

हिमनदी म्हणजे सरकणारं बर्फ. डोंगरावर जेवढं बर्फ वितळतं त्याहून जास्त दरवर्षी पडत राहिलं की थरावर थर साचतात, दाबानं घट्ट होतात आणि स्वतःच्याच वजनानं उताराकडं सरकू लागतात. सियाचीन अशी सुमारे ७६ किलोमीटर लांब आहे. सरकताना बर्फाच्या तळाशी दगड रुतलेले असतात आणि ते खालच्या खडकाला घासत जातात. जात्यासारखंच हे. खडक हा खालचा दगड, बर्फ हा वरचा. जात्यातून भरड निघते आणि पीठही निघतं, तसं हिमनदीखालून धोंडे, खडी, वाळू आणि खडकाचं अगदी बारीक पीठ असं सगळं निघतं.

हे दळण बर्फानं स्वतःच टाकून दिलं, तर त्यात कसलीही निवड नसते. पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यात जशी माती, विटा, वासे सगळं एकत्र असतं, तसा घराएवढ्या धोंड्यापासून पिठापर्यंत सगळा माल एकाच ढिगात. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात त्याला हिमोढ म्हणतात. काकांच्या बरणीतला माल तो नव्हता. त्याच्यावर आणखी एक संस्कार झाला होता, तो पाण्याचा.

हिमनदीच्या तोंडातून वितळलेलं पाणी जोरात बाहेर पडतं आणि ते सुपाचं काम करतं. पाखडताना दाणा सुपात राहतो आणि फोल उडून जातं. इथंही जड ते जवळ पडतं आणि हलकं ते लांब जातं. तोंडापाशी मोठे गोटे, पुढं खडी, त्याच्या पुढं वाळू. आणि पीठ? ते पाण्यातच तरंगत शेकडो किलोमीटर जातं. म्हणून हिमनदीचं पाणी स्वच्छ काचेसारखं नसतं, तांदळाच्या धुवणासारखं गढूळ करडं असतं. "होय, अगदी तसंच," काका म्हणाले, "गोठलेल्या डोंगरातून आलेलं पाणी आणि गढूळ! आम्हाला नवल वाटायचं."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, तिच्यात या जमिनीचं अर्धं गुपित आहे. तिथले ओढे पहाटे ओलांडायचे असा नियमच होता. पहाटे पोटरीएवढं असलेलं पाणी दुपारनंतर कमरेला लागायचं. ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि पाणी वाढतं, रात्री गारठ्यानं ते उतरतं. वर्षाच्या हिशेबानंही तेच, उन्हाळ्यात लोंढा आणि हिवाळ्यात धार. पाण्याला जोर असतो तेव्हा गोटे पडतात, जोर ओसरला की त्यांच्यावर वाळू पसरते. शिवाय पाणी एका पात्रात राहत नाही, वेणीच्या पेडांसारखं पसरतं, आज इथून तर उद्या तिथून वाहतं. त्यामुळं अशा जमिनीचा कडा कापून पाहिला तर एकाखाली एक पट्टे दिसतात: हातभर वाळू, वीतभर खडी, परत वाळू. हिमोढात असे पट्टे नसतात.

या साठ्याला भूगोलात 'आउटवॉश' म्हणतात, म्हणजे धुऊन बाहेर आलेला माल. शब्द नेमका आहे, कारण धुतल्यामुळंच ही जमीन अशी झाली. तिच्यातून जे धुऊन गेलं त्याला आपण माती म्हणतो.

अशा जमिनी कुठं आहेत

हिमालयात हिमनद्यांच्या खालच्या खोऱ्यांत त्या आहेतच. पण त्यांचा खरा विस्तार उत्तर अमेरिकेत आणि उत्तर युरोपात आहे. साधारण २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, तिथं बर्फाच्या खंडाएवढ्या चादरी होत्या. इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पुढं हवा तापली, चादरी मागं हटल्या आणि त्यांच्या कडेनं वितळपाण्यानं वाळू-खडीची मैदानं पसरली. अमेरिकेतला विस्कॉन्सिनचा मध्यभाग, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडची दक्षिण बाजू, डेन्मार्कमधल्या युटलँडचा पश्चिम भाग ही त्यातली मोठी ठिकाणं. आइसलंडमध्ये तर ही मैदानं आजही तयार होत आहेत. १९९६ साली तिथं बर्फाखाली ज्वालामुखीचा उद्रेक झाला, साठलेलं वितळपाणी एकदम फुटून बाहेर आलं आणि स्केइदारारसांदुर नावाच्या मैदानावरून पसरत रस्ता आणि पूल घेऊन गेलं.

२० हजार वर्षं आपल्याला फार वाटतात, पण जमिनीच्या हिशेबात हे कोवळं वय आहे. खानापूरच्या बाजूचा जांभा लाखो वर्षांच्या पावसानं कुजून झालेला आहे. त्याच्यापुढं विस्कॉन्सिनची वाळू कालची.

पोस्टकार्ड आणि सात गुंठे

आता मुद्द्याचं. माती पाणी आणि अन्न धरते ती कणांच्या पृष्ठभागावर. कण जितका बारीक, तितका तेवढ्याच वजनात पृष्ठभाग जास्त. मातीशास्त्रात २ मिलीमीटरच्या वर खडे, २ मिलीमीटरपासून ०.०५ मिलीमीटरपर्यंत वाळू, त्याखाली ०.००२ मिलीमीटरपर्यंत पोयटा आणि त्याहून बारीक ती चिकणमाती अशी विभागणी करतात.

मध्यम वाळूच्या एक ग्रॅम कणांचे सगळे पृष्ठभाग उलगडून मांडले तर ते एका पोस्टकार्डातही मावतील. काळ्या जमिनीत जी फुगणारी चिकणमाती असते, तिच्या एका शुद्ध ग्रॅमचे उलगडले तर सहा-सात गुंठे भरतील. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कागद घेऊन परत परत गुणाकार केला होता. चिमूटभर चिकणमातीत सात गुंठे! काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, नांगराला चिकटते, सगळं या सात गुंठ्यांमुळं. आणि काकांच्या बरणीतलं पाणी गायब होतं ते या पोस्टकार्डामुळं.

पिकाच्या भाषेत हिशेब करू. रेताड जमिनीच्या एक मीटर खोलीत पिकाला उचलता येईल असं पाणी साधारण ८ सेंटिमीटर मावतं, चांगल्या काळ्या जमिनीत १८ सेंटिमीटरच्या आसपास. बटाट्याची बहुतेक मुळं वरच्या ४५ सेंटिमीटरमध्ये असतात. म्हणजे रेताड रानात बटाट्याच्या हाताशी ३.६ सेंटिमीटर पाणी. त्यातलं अर्धं संपलं की पीक ताण खायला लागतं, तेव्हा खऱ्या वापराचं १.८ सेंटिमीटर. कडक उन्हात पीक दिवसाला ६ मिलीमीटर पाणी उडवतं. तीन दिवसांत गाडी थांबली. काळ्या जमिनीत तोच हिशेब केला तर जवळपास सात दिवस निघतात. आणि अथणीकडची शाळू जोंधळ्याची मुळं तर खूप खोल जातात, म्हणून ती पेरणीनंतर पाऊस न पडताही जमिनीतल्या ओलीवर कणसात येते. हीच शाळू वाळूच्या मैदानावर पेरली तर गुडघ्याएवढी व्हायच्या आत वाळून जाईल.

यात खडे धरलेलेच नाहीत. जमिनीच्या आकारमानात ४० टक्के गोटे असतील तर पाणी धरायला उरतात ६० टक्के. ३.६ सेंटिमीटरचे होतात २.२ आणि तीन दिवसांचे दोनही उरत नाहीत.

अन्नाचंही तसंच. चिकणमातीवर आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थावर ऋण भार असतो, त्याला कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश, अमोनियम चिकटून राहतात आणि मुळं ते हळूहळू उचलतात. वाळूवर हा भार जवळपास नसतोच. त्यात पाऊस सतत खाली झिरपत असल्यानं होतं तेही धुऊन जातं आणि वरचा थर आम्लधर्मी होतो. दळलेला मूळ खडक चुनखडकाचा असेल तर गोट्यांतून थोडा चुना मिळत राहतो. ग्रॅनाइट किंवा वालुकाश्म असेल तर तोही आधार नाही. म्हणून या जमिनींवर मूळचं रान बहुतेक पाइनचं किंवा हीथ नावाच्या खुरट्या झुडपांचं असतं.

मग तिथं पिकतं कसं

पण ही जमीन टाकाऊ आहे असं समजू नका. तिचे जे दोष सांगितले तेच काही कामांत गुण ठरतात. आपल्याकडं पावसाच्या झडीनंतर काळ्या रानाला वाफसा यायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर औत घालता येत नाही. वाळूला वाफसा येतो दुसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी. ओल कमी म्हणून ती वसंतात लवकर तापते, आणि थंड देशांत शेतकरी त्या उबेचीच वाट पाहत असतो. भुसभुशीत असल्यानं मुळं आणि कंद सरळ वाढतात. बटाटा काढला की धुतल्यासारखा निघतो. आमच्या बेळगाव तालुक्यातही खरिपाचा बटाटा चिकट काळ्या रानापेक्षा निचऱ्याच्या लाल आणि मसारी रानात बरा येतो. पाणी साचलं की कंद कुजतो, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही.

बटाटा आणि वितळपाण्याची वाळू यांची जोडी जुनी आहे. युटलँडच्या ओसाड हीथवर वस्ती करायला डेन्मार्कच्या राजानं १७५९ पासून जर्मन कुटुंबं आणवली. त्यांनी तिथं बटाटा रुजवला, म्हणून लोक त्यांना 'बटाटे-जर्मन' म्हणू लागले. पुढं १८६६ साली एन्रिको डाल्गास यांच्या पुढाकारानं हीथ सुधारणेची संस्था निघाली आणि झाडांच्या रांगा, चुन्याची माती, पाटाचं पाणी घालत घालत ते माळ लागवडीखाली आले. विस्कॉन्सिनच्या वाळूच्या मैदानावर आज मोठ्या प्रमाणावर बटाटा होतो. तिथं शेताच्या मधोमध खांब असतो आणि त्याच्याभोवती फिरणारी लांबलचक नळी पाऊस पाडते, त्यामुळं विमानातून शेतं गोल भाकरीसारखी दिसतात. पाणी थोडं थोडं आणि वारंवार, खतही तसंच. वाऱ्यानं वाळू उडू नये म्हणून बांधांवर पाइनच्या रांगा.

नुब्रात वेगळी युक्ती आहे. काका सांगत होते की गावं नदीच्या पात्रात नव्हती, बाजूच्या ओढ्यांच्या तोंडाशी होती. लोकांनी त्या ओढ्यांवरून पाट काढलेले. पाटाच्या पाण्याबरोबर येणारं बारीक पीठ वर्षानुवर्षं वाफ्यात बसतं, वर शेणखत पडतं, आणि खडीवर हातभर माती तयार होते. त्यात जव होतो, जर्दाळू होतो. पात्रातल्या उघड्या गोट्यांत मात्र काटेरी झुडपं. "नारिंगी बोरासारखी फळं, तोंडात टाकली की डोळे मिटायचे, असली आंबट." ते सीबकथॉर्न. त्याच्या मुळांवर गाठी असतात, आपल्या भुईमुगाच्या मुळांवर असतात तशा. त्यांतले जीवाणू वेगळ्या जातीचे, पण काम तेच, हवेतला नत्र धरून देण्याचं. ज्या जमिनीत अन्नच नाही तिथं पहिलं झाड असंच लागतं, स्वतःची शिदोरी स्वतः बनवणारं. त्याची पानं गळून कुजली की मग दुसऱ्या झाडांना जागा होते.

कुंडीतले खडे

एक गोष्ट मला फार आवडते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

कुंडी भरताना आपण तळाशी खडे किंवा खापराचे तुकडे घालतो, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून. भोकापुरतं एक खापर ठीक आहे, पण खड्यांचा जाड थर घातला तर निचरा सुधारत नाही, उलट वरची माती जास्त वेळ ओली राहते. खोटं वाटत असेल तर ओला पंचा दोरीवर वाळत घाला. थोड्या वेळानं वरचा भाग सुकत येतो आणि खालच्या काठाशी पाणी साठतं, तरी ते लगेच गळत नाही. कापडाच्या बारीक छिद्रांनी ते ओढून धरलेलं असतं. काठाशी ते पुरतं भरून आलं की मगच थेंब सुटतो. बारीक मातीखाली जाडी खडी असली की तसंच होतं. बारीक छिद्रं पाणी सोडायला तयार नसतात आणि खडीच्या मोठ्या पोकळ्यांना ते ओढून घेता येत नाही. वरची माती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खाली उतरत नाही.

आता हेच शेताच्या मापात पाहा. विस्कॉन्सिनमध्ये अँटिगो नावाचं गाव आहे आणि त्या गावाच्या नावाची माती त्या राज्याची अधिकृत राज्यमाती आहे. आपल्याकडं राज्यपक्षी, राज्यफूल असतं, तिथं मातीलाही तो मान दिलेला आहे. तिची रचना अशी: खाली वितळपाण्यानं पसरलेली वाळू-खडी आणि वर दोन-तीन फूट पोयटा. हा पोयटा कुठून आला? हिमनदीचं जे पीठ पाण्याबरोबर वाहून गेलं, त्यातलं काही पुराच्या पात्रांत बसलं. पात्रं कोरडी पडली तेव्हा वाऱ्यानं ते उचललं आणि खडीच्या मैदानांवर आणून पसरलं. सुपातून उडालेलं पीठ वारा परत घेऊन आला. त्यामुळं वरची दोन-तीन फूट माती पंच्यासारखी पाणी धरते आणि जास्तीचं झालं की खालची खडी ते झटकन वाहून नेते. पीक तहानतही नाही आणि बुडतही नाही. तिथंही बटाट्याचं नाव आहे.

ही पोयट्याची चादर नसलेली जमीन शेजारीच असते आणि तिची किंमत निराळी. म्हणून वाळू-खडीची जमीन पाहायची तर वर काय आहे यापेक्षा किती आहे हे आधी विचारावं. चार इंच पोयटा आणि चार वीत पोयटा यात शेतकऱ्याच्या दोन पिढ्यांचा फरक पडतो.

जे सांडेल ते विहिरीत

खडीतून पाणी गायब होतं म्हणजे जातं कुठं? खाली. कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांत ते साठतं आणि सहज वाहतं, म्हणून या मैदानांखाली भूजलाचे मोठे साठे असतात. लाँग आयलंडवरच्या नासाऊ आणि सफोक या दोन काउंट्यांतले (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांतले) पंचवीस लाखांहून जास्त लोक पिण्यासाठी पूर्णपणे पायाखालच्या पाण्यावर अवलंबून आहेत. आपल्या काळ्या पाषाणात विहीर खणताना फट लागली तर पाणी, नाही तर कोरडं. वाळूत तसं नाही, कुठंही खणा.

पण जी वाट पाणी घेतं तीच वाट युरियाही घेतो. युरियाचं जमिनीत शेवटी नायट्रेट होतं, त्याच्यावरही ऋण भार असतो, त्यामुळं त्याला कुठलीच माती नीट धरत नाही, वाळू तर अजिबात नाही. एक मोठा पाऊस किंवा एक जास्तीचं पाणी आणि पैसे मोजून घातलेलं खत मुळांच्या खाली. तिथून पुढं ते पिण्याच्या पाण्यात. आपल्या देशाच्या मानकांत पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमहून जास्त नायट्रेट नसावं असं आहे. त्याहून जास्त असलेलं पाणी बाटलीच्या दुधातून तान्ह्या बाळाला गेलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडू लागतं. मध्य विस्कॉन्सिनच्या विहिरींत नायट्रेटचा प्रश्न गेली कित्येक वर्षं आहे.

आणि पाणी उपसण्याचं. तिथं लिटल प्लोव्हर नावाची ओढ्याएवढी नदी आहे, ट्राउट माशांची. आसपासच्या मोठ्या विहिरींनी इतकं पाणी ओढलं की २००५ पासून पुढं काही वर्षं तिचे काही भाग कोरडे पडले. खडीत नदी आणि विहीर ही एकाच पाण्याची दोन तोंडं असतात. हे वाचलं तेव्हा मला मलप्रभेचं वाळू काढून खड्डे पडलेलं पात्र आठवलं. पात्रातली वाळू पाणी मुरवते आणि साठवते. ती उचलली की काठच्या विहिरीचं भांडंच उचलल्यासारखं होतं.

चाळणीवर राहिलेलं

इथं माझ्या कामातली एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रयोगशाळेत नमुना आला की तो सावलीत वाळवायचा, लाकडी हातोडीनं ढेकळं फोडायची आणि २ मिलीमीटरच्या चाळणीतून चाळायचा. चाळणीखाली पडलेल्या मातीचं पृथक्करण होतं. चाळणीवर राहिलेले खडे मागच्या दाराबाहेर पडतात. आमच्या मागच्या दाराशी असा ढीग गुडघ्याएवढा झाला होता. अहवालावर हेक्टरी इतका नत्र, इतकं स्फुरद, इतकं पालाश असे आकडे येतात. ते काढताना धरलेलं असतं की एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात २२ लाख ४० हजार किलो माती आहे. हे गृहीत बिनखड्याच्या जमिनीला साधारण चालून जातं. ज्या रानात वजनाचे ४० टक्के खडे आहेत तिथं मात्र खरी माती बरीच कमी आहे, आणि अहवाल सांगतो तेवढं अन्नही तिथं नाही. अहवाल खोटा नसतो, तो फक्त चाळणीखालच्या मातीचा असतो.

म्हणून मुरमाड, खडीच्या रानातला नमुना देताना खडे वेचून टाकू नका. चाळायच्या आधी आणि नंतर वजन करून खड्यांचं प्रमाण लिहून मागा. घरी पिठाच्या चाळणीनं आणि वजनकाट्यानंही अंदाज निघतो. काकांच्या बरणीतल्या एक किलोमधले ६२० ग्रॅम माझ्या चाळणीवर राहिले.

आपल्याकडं हे आहे का?

काकांनी हाच प्रश्न केला. मार्कंडेयच्या पात्रातली वाळू, गोकाकच्या बाजूची खडी, ही पण बर्फाचीच का? नाही. शेवटच्या हिमयुगात बर्फाच्या चादरी दख्खनपर्यंत आल्याच नाहीत. आपली काळी जमीन सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकापासून झाली, खानापूरकडचा लाल जांभा त्याच्यावरच्या पावसाच्या कामाचा. गोकाकचा धबधबा ज्या खडकावरून पडतो तो फार जुना, वाळू घट्ट होऊन झालेला कठीण दगड. नदीची वाळू या खडकांची झीज आहे. मुरूम तर जागच्या जागी कुजलेला खडक. फरक हातानं कळतो: मुरमाचा खडा कोनेदार असतो, पाण्यानं लांबून आणलेला गोटा गोल असतो. पण गोल गोटा दिसला म्हणून हिमनदी होती असं होत नाही, साधी नदीही गोटे गोल करते. आसपासचे कडे, खडकांवरचे ओरखडे, थरांची ठेवण हे सगळं मिळून साक्ष देतं.

ओरखड्यांची साक्ष महाराष्ट्रातच आहे, चंद्रपूरजवळ इरई नदीकाठी. तिथं हिमनदीनं घासलेला खडक आणि तिनं टाकलेले धोंडे आहेत, पण ते साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा ही भूमी दक्षिण ध्रुवाच्या कितीतरी जवळ होती.

बर्फ आपलं नसलं तरी वाळू-खडीचे नियम आपलेच आहेत. नदीकाठचा रेताड पट्टा, डोंगरउतारावरचं मुरमाड रान यांना खत एकदम घालू नये, तीन-चार हप्त्यांत घालावं. पाणी थोडं आणि लवकर लवकर द्यावं. शेणखत, तळ्यातला गाळ, हिरवळीचं खत यांतून जेवढा बारीक कण आणि जेवढी कूज वर साठेल तेवढी साठवावी, कारण पोस्टकार्डाचा विस्तार वाढवायचा दुसरा मार्ग नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोन काचेचे पेले घेतले. एकात काकांची वाळू, एकात माझ्या परड्यातली माती, दोन्हींत पाणी घालून ढवळलं आणि खिडकीत ठेवलं. काकांच्या पेल्यात गोटे लगेच बसले, वाळू मिनिटभरात बसली, आणि चहा संपेपर्यंत वरचं पाणी नितळ झालं. माझ्या पेल्यातलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही गढूळच होतं. काका फिरायला जाताना डोकावले, दोन्ही पेल्यांकडं बराच वेळ बघत उभे राहिले.

"तंबूभोवती आम्ही चर खणायचो," ते म्हणाले, "हुकूम होता. पण चरात पाणी म्हणून कधी थांबलं नाही."

मग त्यांनी नितळ पाणी तुळशीला घातलं आणि वाळू परत बरणीत भरून घरी नेली.